संमतीची घटिका : अवयवदान, रुग्णालय आणि कुटुंब

देवांच्या कार्यासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा आपल्या देशात सर्वत्र सांगितली जाते. मात्र त्या कथेतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. देव याचना करण्यास आले तेव्हा दधीची पूर्ण सावध होते. त्यांनी मागणे ऐकले, त्याचा विचार केला आणि स्वमुखाने होकार दिला. आजच्या रुग्णालयात मरणोत्तर अवयवदानाचा प्रश्न उपस्थित होतो, तेव्हाची परिस्थिती याच्या अगदी उलट असते. ज्याचा देह, त्यालाच विचारता येत नाही. प्रश्न त्याच्या आईवडिलांना, पत्नीला किंवा भावाला विचारावा लागतो आणि तोही त्यांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखद घटकेला. हा प्रश्न कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने विचारावा, याविषयी नियम घालून दिलेले आहेत. त्या नियमांचा व त्यांमागील कारणांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. प्रश्न कसा निर्माण झाला?

एका माणसाच्या शरीरातील भाग दुसऱ्याच्या शरीरात बसविण्याच्या क्रियेस प्रत्यारोपण म्हणतात. या शास्त्रातील पहिले मोठे यश डोळ्याच्या बाबतीत मिळाले. १९०५ साली ओलोमोउट्स या गावी (हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे) एडुआर्ड त्सिर्म या वैद्याने स्वच्छमंडलाचे, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडद्याचे, प्रत्यारोपण यशस्वी केले. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. तो रुग्ण काही तासच जगला. तथापि भारतातील या कार्याचा तो आरंभ होय.

हृदयाच्या प्रत्यारोपणामुळे एक नवा प्रश्न पुढे आला. श्वास व नाडी थांबली म्हणजे मनुष्य मेला, असे पूर्वापार मानले जात असे. परंतु रक्ताचा पुरवठा बंद पडताच हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांसारखे अवयव झपाट्याने निकामी होऊ लागतात. मग मृत्यू झाला आहे, पण अवयव मात्र सजीव आहेत, अशी अवस्था असू शकते काय? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने १९६८ साली या प्रश्नाचा विचार करून मेंदूच्या कायमच्या मृत्यूची लक्षणे मांडली. या विषयावरील पुढील विचारास त्या अहवालाने मोठी चालना दिली.

२. मेंदूस्तंभाचा मृत्यू

मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या वर, मेंदूस्तंभ नावाचा भाग असतो. श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण येथूनच होते. डोक्यास जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, तर कवटीच्या आत दाब वाढून मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे बंद पडू शकते. अशा रुग्णास स्वतः श्वास घेता येत नाही. मात्र कृत्रिम श्वसनयंत्र जोडलेले असल्यास फुप्फुसांत प्राणवायू जात राहतो. हृदयाला स्वतःची गती असल्यामुळे ते काही काळ धडधडत राहते. छाती वरखाली होताना दिसते आणि अंग उबदार लागते. परंतु मनुष्य गेलेला असतो. ही बेशुद्धी नव्हे. बेशुद्ध रुग्णाचा मेंदूस्तंभ कार्य करीत असतो आणि तो शुद्धीवर येण्याची शक्यता असते. मेंदूस्तंभाच्या मृत्यूनंतर परत येणे नाही.

हे निदान निश्चित करण्यासाठी वैद्य प्रथम औषधांचा अंमल, शरीराचे अतिशय उतरलेले तापमान व रक्तातील घटकांचा बिघाड ही कारणे नाहीत, याची खात्री करून घेतात. त्यानंतर डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुल्या आकसतात की नाही, स्वच्छमंडलास स्पर्श केल्यास पापणी मिटते की नाही, कानात थंड पाणी सोडल्यास डोळे हलतात की नाही, घशात नळी फिरविल्यास खोकला येतो की नाही, हे पाहतात. शेवटी प्राणवायूचा पुरवठा चालू ठेवून श्वसनयंत्र काही मिनिटे थांबवितात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वासाचा किंचितही प्रयत्न झाला नाही, तरच मेंदूस्तंभ मृत आहे असे ठरते. या सर्व चाचण्या कमीत कमी सहा तासांच्या अंतराने पुन्हा एकदा कराव्या लागतात.

३. भारताचा कायदा

भारतात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. आरंभी तो गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र ही तीन राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांना लागू होता. पुढे बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला. २०११ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश करण्यात आला आणि २०१४ साली नवे नियम आले.

मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच होय, असे या कायद्याने मानले. त्याचा दाखला देण्यासाठी चार वैद्यांचे मंडळ लागते : रुग्णालयाचा प्रमुख वैद्य, शासनमान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा शल्यविशारद, आणि रुग्णावर उपचार करणारा वैद्य. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसल्यास त्याच्या जागी दुसरा वैद्य नेमता येतो. मात्र तो संबंधित प्रत्यारोपण पथकातील असता कामा नये. ज्याला अवयव बसवावयाचा आहे त्याच्या हिताचा विचार मृत्यूच्या निदानात शिरू नये, हा या अटीचा हेतू उघड आहे.

संमतीविषयीची तरतूद विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोणतीही प्रौढ व्यक्ती आपल्या हयातीत दोन किंवा अधिक साक्षीदारांसमक्ष अवयवदानाची लेखी इच्छा नोंदवू शकते. त्यांपैकी एक साक्षीदार जवळचा नातलग असावा लागतो. परंतु एवढ्यावर काम भागत नाही. २०१४ च्या नियमांप्रमाणे, अशी नोंद असली तरीही मृत्यूनंतर जवळच्या नातलगाची किंवा देहाचा कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीची संमती घ्यावीच लागते. जवळचे नातलग म्हणजे पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजोबा, आजी, नातू आणि नात. मृत व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास संमती आईने किंवा वडिलांनी द्यावयाची असते.

४. विचारणे हे कर्तव्य, होकार हे नव्हे

पूर्वी अनेक ठिकाणी हा प्रश्न विचारलाच जात नसे. शोकात बुडालेल्या कुटुंबापुढे तो काढावा कसा, या संकोचाने वैद्य गप्प राहत. २०११ च्या दुरुस्तीने ही गोष्ट वैद्याच्या मर्जीवर ठेवली नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णाने अवयवदानाची इच्छा नोंदविली होती काय, याची चौकशी करणे, आणि नोंदविली नसल्यास संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा पर्याय नातलगांना समजावून सांगणे, हे वैद्याचे कर्तव्य ठरले. येथे कायद्याने दोन्ही पर्यायांचा उल्लेख केला आहे. विचारणे बंधनकारक आहे. होकार मिळविणे बंधनकारक नाही. ‘नाही’ हे उत्तरही कायद्याने तितक्याच आदराने ऐकून घ्यावयाचे आहे.

या कामासाठी रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक नेमलेला असतो. एखादा तरुण दुचाकीवरून पडून रुग्णालयात आला आणि त्याचा मेंदूस्तंभ मृत झाला, अशी कल्पना करावी. त्याच्या वडिलांना मृत्यूची वार्ता आणि अवयवांची मागणी एकाच दमात सांगितली, तर दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एक होतात. मुलगा खरोखर गेला, की अवयवांसाठी त्याला गेलेला ठरविले, अशी शंका त्यांना येते. आणि ती आयुष्यभर जात नाही. यास्तव चांगल्या रुग्णालयात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. उपचार करणारा वैद्य प्रथम मृत्यूची वार्ता स्पष्ट शब्दांत सांगतो. ती मनात उतरण्यास अवधी दिला जातो. दानाचा विषय त्यानंतर समन्वयक काढतो; शक्यतो एकांत खोलीत, बसून आणि घरातील जाणत्या माणसांना बरोबर घेऊन.

५. कुटुंबाच्या मनातील शंका

पहिली शंका उपचारांविषयी असते. दान करणार असे कळल्यास प्रयत्न सोडून देतील काय? याचे उत्तर वर सांगितलेल्या चारजणांच्या मंडळात आणि दोनदा होणाऱ्या चाचण्यांत आहे. दुसरी शंका देहाच्या विटंबनेविषयी असते. अवयव काढण्याची क्रिया ही इतर शस्त्रक्रियांप्रमाणेच केली जाते आणि जखमा नीट शिवून देह अंत्यसंस्कारांसाठी नातलगांच्या स्वाधीन केला जातो. अपघाताच्या प्रकरणांत पोलिसांची कारवाई व शवविच्छेदन यांमुळे काही अधिक वेळ लागू शकतो. तो किती, हे कुटुंबास आधीच सांगणे योग्य होय. तिसरी शंका पैशांची असते. नियमांप्रमाणे देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा व त्यांच्या वाहतुकीचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. तसेच अवयवांची खरेदी-विक्री करणाऱ्यास पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

६. ऊतींचे दान

मेंदूस्तंभाचा मृत्यू रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातच घडू शकतो. म्हणून हृदय किंवा यकृत देण्याचा प्रसंग थोड्याच कुटुंबांवर येतो. ऊतींचे तसे नाही. हृदय थांबून नेहमीसारखा मृत्यू झाल्यावरही डोळे, त्वचा, हाडे व हृदयाच्या झडपा देता येतात. नेत्रदान तर घरीही होते. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे, मृताचे डोळे मिटावेत, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके किंचित उंच ठेवावे. वृद्धत्व, चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे नेत्रदानास बाध येत नाही. मात्र येथेही नातलगांची संमती लागतेच. आणि हाती असलेला वेळ फारच थोडा असतो.

७. स्पेनचा धडा

२०२३ साली भारतात १८,००० हून अधिक प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी बहुतेक जिवंत नातलगांच्या दानातून झाली. मृत दाते सुमारे १,१०० होते. म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकही मृत दाता पडला नाही. स्पेनमध्ये त्याच वर्षी हे प्रमाण दहा लाखांमागे ४५ हून अधिक होते. स्पेनने १९७९ साली असा कायदा केला, की ज्याने हयातीत विरोध नोंदविला नाही त्याची संमती आहे असे मानावे. पुष्कळांना तेथील यशाचे कारण हाच कायदा वाटतो. प्रत्यक्षात स्पेनमधील वैद्य आजही कुटुंबास विचारल्यावाचून पुढे जात नाहीत. तेथे मोठी वाढ झाली ती १९८९ साली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यानंतर. यावरून असे दिसते, की कायद्याने संमती गृहीत धरण्यापेक्षा ती नीट मागण्याची व्यवस्था अधिक फलदायी ठरते.

८. घरातील संभाषण

रुग्णालयाच्या ओसरीत बसलेल्या नातलगांपुढील खरी अडचण शास्त्राची किंवा कायद्याची नसते. ‘त्याला हे आवडले असते काय?’ हा एकच प्रश्न त्यांना छळत असतो. ज्या घरात या विषयावर कधी बोलणे झालेले नसते, तेथे आईला आपल्या मुलाच्या वतीने अंदाज बांधावा लागतो आणि अंदाज चुकल्याचे भय तिच्या मनातून जात नाही. ज्या घरात बोलणे झालेले असते, तेथे नातलगांना निर्णय घ्यावा लागत नाही. केवळ शब्द पाळावयाचा असतो. ती इच्छा होकाराची असो वा नकाराची, तिचा भार उचलणे दोन्ही प्रसंगी सोपे जाते.

म्हणून दानपत्र भरून ते कपाटात ठेवणे पुरेसे नाही. आपली इच्छा घरच्या माणसांच्या कानावर घातली पाहिजे. दधीचींना देवांनी समोरासमोर विचारले. आपल्याला तसे कोणी विचारील याची खात्री नसल्यामुळे, ते उत्तर प्रत्येकाने आधीच सांगून ठेवणे हिताचे आहे.

मननासाठी प्रश्न

१. बेशुद्धी आणि मेंदूस्तंभाचा मृत्यू यांतील भेद स्पष्ट करा.
२. मृत्यूची वार्ता आणि दानाची विनंती या दोन गोष्टी वेगळ्या का ठेवतात?
३. दानपत्र भरलेले असूनही नातलगांची संमती घ्यावी, हा नियम योग्य वाटतो काय? दोन्ही बाजू मांडा.
४. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांशी या विषयावर बोला आणि त्यांची मते लिहून काढा.