कायटोसानची खरेदी : पुरवठादार कसा पारखावा



उसाच्या बेण्याला आणि उभ्या पिकाला वापरण्यासाठी कायटोसानचे द्रावण कारखान्याच्या प्रयोगशाळेतच तयार करून पाहावे, असा प्रस्ताव ऊस विकास विभागाने संचालक मंडळापुढे ठेवला आहे. द्रावण करणे फारसे अवघड नाही. कच्चा माल कोणाकडून घ्यावा, हे ठरवणे मात्र अवघड आहे. पैसा सभासदांचा आहे, आणि पुढेमागे हे द्रावण गटागटांत वाटले तर त्याची वसुलीही ऊस बिलातूनच व्हायची. म्हणून खरेदी समिती बसण्याआधी हा विषय सभासदांच्या कानावर घालणे आम्हांस जरूर वाटते.

गट बैठकीत एका कास्तकाराने विचारले, "साहेब, झिंग्याचं टरफल उसाले काय करते?" प्रश्न रास्त आहे. झिंगे आणि खेकडे यांच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. पऱ्हाटीच्या बोंडात जसा सेल्युलोजचा धागा, तसे कवचात कायटिन. दोन्हींची घडण लांब साखळीसारखी, एकाच जातीच्या कड्या शेकड्यांनी, हजारांनी जोडलेल्या. हे कवच सौम्य कॉस्टिक सोड्यात टाकून त्यातली प्रथिने काढतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून चुना काढतात. उरते ते कायटिन. तेच पुन्हा तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले की कायटोसान मिळते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने झिंग्याच्या टरफलापासून ते काढण्याची पद्धत बसवली. कायटिन सौम्य आम्लात विरघळत नाही, कायटोसान विरघळते. हा एवढा फरक ध्यानात ठेवावा, पुढे कामी येणार आहे.

आता उसाशी त्याचा संबंध. काणी, लाल कूज असे रोग आणणाऱ्या बुरशीच्या पेशींच्या भिंतीतही कायटिन असते. त्यामुळे कायटोसानचा स्पर्श झाला की पीक बुरशी आली असे समजून स्वतःची संरक्षणाची तयारी सुरू करते. रात्री कुत्रे भुंकले म्हणजे चोर दिसला नाही तरी माणसे उठून बसतात, तशातला प्रकार. पाण्याचा ताण सोसण्यासही त्याची मदत होते, असे उसावरील प्रयोगांत दिसले आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मांजरीच्या संस्थेने, म्हणजे आजच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने यावर काम केले. गॅमा किरणांनी कायटोसानची लांब साखळी तोडून आखूड केली की ते पिकाला अधिक मानवते, या तत्त्वावर संस्थेचे 'वसंत ऊर्जा' हे उत्पादन आधारलेले आहे. तयार माल तिथूनच आणावा की आपण करावा, हे मंडळ दोन्हींचा खर्च पाहून ठरवील. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. हे खत नव्हे. पाण्याची पाळी चुकली तर त्याने भरून निघत नाही, आणि काणीचे बेणे त्यात बुडवून निरोगी होत नाही.

आता खरेदीकडे वळू. 'कायटोसान' हे पोत्यावरचे नाव वाचून माल घेणे म्हणजे 'कापूस' एवढे ऐकून गाडी उतरवून घेण्यासारखे आहे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हापासून प्रतवारीवरून ग्रेडरशी किती वाद झाले, हे अमरावती-अकोल्याच्या कास्तकाराला आम्ही काय सांगावे! धाग्याची लांबी, ओल, कवडी, कचरा, सगळे पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही. कायटोसानचेही तेच.

पहिली गोष्ट म्हणजे कायटिनचे कायटोसान कितपत झाले. याचे माप टक्क्यांत सांगतात. ७५ टक्के झालेला मालही कायटोसान आणि ९५ टक्के झालेलाही कायटोसान. आपण ८५ टक्क्यांच्या वरचा मागणार आहोत. दुसरी गोष्ट साखळीची लांबी. एक टक्का द्रावण किती दाट होते यावरून तिचा अंदाज येतो. दाट द्रावण गोळ्या-औषधांच्या कारखान्याला चालेल, आपल्या पंपाच्या नोझलला चालणार नाही. साखळी आखूड केलेला माल असेल तर ती आम्लाने तोडली, विकराने तोडली की किरणांनी, हे पुरवठादाराने लेखी सांगितले पाहिजे. सांगत नसेल तर पुढे बोलणी नकोत. तिसरी गोष्ट राख. चुना नीट निघाला नसेल तर राख वाढते. चांगल्या मालात ती टक्का-दीड टक्क्याच्या आत असते. चौथी ओल, ती दहा टक्क्यांच्या आत असावी. शिसे, पारा, कॅडमियम यांची तपासणी बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागेल, कारण कवच कोणत्या पाण्यातून आले ते आपणांस दिसत नाही.

यातली एक तपासणी कोणालाही करता येते. एक ग्रॅम माल शंभर मिलिलिटर एक टक्का अ‍ॅसेटिक आम्लात टाकावा, अधूनमधून ढवळत रात्रभर ठेवावा आणि सकाळी वजन केलेल्या बारीक कापडातून गाळावा. कापड वाळवून पुन्हा वजन केले की न विरघळलेला भाग समजतो. या सुरू हंगामात दोन व्यापाऱ्यांकडून आलेले नमुने आम्ही असेच गाळले. एकाचे द्रावण फिकट पिवळे व स्वच्छ निघाले. दुसऱ्याच्या कापडावर भुशासारखा थर राहिला. ते अर्धवट झालेले कायटिन होते. त्याचाच दर कमी होता, हे वेगळे सांगावयास नको.

दराचा हिशेब कसा करावा ते पाहा. समजा, एकाचा दर किलोला १०० रुपये आहे, पण ओल, राख आणि न विरघळणारा भाग मिळून २५ टक्के जातात. हाती आले ७५ टक्के. म्हणजे शुद्ध मालाचा दर पडला सुमारे १३३ रुपये. दुसऱ्याचा दर ११५ रुपये, पण घट फक्त १० टक्के. त्याचा शुद्ध माल पडतो सुमारे १२८ रुपयांना. निविदा उघडल्यावर पहिला स्वस्त दिसेल आणि सभेत कोणीतरी उठून विचारील की स्वस्त सोडून महाग का घेतला. त्याचे उत्तर हा हिशेब आहे. नुसत्या टनांवर उसाची किंमत कळत नाही, उतारा पाहावा लागतो, हे आपल्या कारखान्यात कोणाला ठाऊक नाही?

पाण्याचा मुद्दा आपल्या भागापुरता फार महत्त्वाचा आहे. कायटोसान आम्लात विरघळलेले राहते. द्रावणाचा सामू साडेसहाच्या पुढे गेला की त्याचे पांढरे तंतू, गुठळ्या होऊन ते बाहेर पडते. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाण्याचा खारपाणपट्टा आपणांस माहीत आहेच. तिथल्या व त्याच्या कडेच्या पुष्कळ विहिरींचे पाणी खारे, सामू आठच्या वर. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यात छान मिसळलेला माल अशा विहिरीच्या पाण्यात फाटेल, नोझल तुंबेल, आणि दोष कारखान्याच्या द्रावणाला लागेल. म्हणून प्रत्येक पुरवठादाराचा नमुना आपल्याच चार-पाच गावांच्या पाण्यात मिसळून पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे. ज्या सभासदांच्या विहिरीचे पाणी साबणाला फेस येऊ देत नाही, त्यांनी स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी गट ऑफिसात द्यावे. बाटलीवर गाव व गट नंबर लिहावा.

माल कोठून येतो, हेही पाहिले पाहिजे. स्वतः कवच घेऊन प्रक्रिया करणारा कारखाना एक, आणि चार ठिकाणचा माल गोळा करून स्वतःचे लेबल लावणारा व्यापारी दुसरा. व्यापारी वाईट असतोच असे नाही, पण त्याचा आजचा लॉट आणि सहा महिन्यांनंतरचा लॉट एकाच घराण्यातला असेल याची खात्री नसते. आपल्याला तर प्रत्येक वेळी तेच द्रावण, त्याच प्रमाणात करायचे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. त्या काळात पुरवठादार कवच कोठून आणतो, तळ्यातल्या झिंग्यांचे की साठवलेले, हे विचारावे. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरची. तेव्हा माल सप्टेंबरात गोदामात हवा. शक्य झाल्यास कारखाना डोळ्यांनी पाहावा आणि विशेषतः त्यांचे आम्ल व सोड्याचे सांडपाणी कुठे जाते ते पाहावे. जो ते नाल्यात सोडतो त्याला प्रदूषण मंडळ कधीही कुलूप लावील, आणि आपला पुरवठा ऐन लागणीत थांबेल.

रिद्धपूरकडच्या काही महानुभावी सभासदांनी व काही माळकरी मंडळींनी झिंग्याच्या टरफलाबद्दल संकोच व्यक्त केला. त्यांचे म्हणणे आम्ही बाजूला टाकलेले नाही. बुरशीपासूनही कायटोसान काढतात; ते साधारणतः महाग पडते. त्याचेही दर मागवले आहेत. आणि टरफलाचा माल घेतला तर पिशवीवर तसे स्पष्ट छापले जाईल, म्हणजे ज्याला नको त्याने घेऊ नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २०२१ साली दुरुस्ती होऊन अशी जैव-उत्तेजके त्याच्या कक्षेत आली. विक्रीसाठी नोंदणी लागते. त्यामुळे तूर्त आपले द्रावण फक्त कारखान्याच्या बेणे मळ्यात, आणि तेही शेजारी विनाप्रक्रियेच्या ओळी ठेवून वापरले जाईल. उगवण, फुटवे आणि शेवटी वजन, सगळ्यांची नोंद ठेवू.

खरेदीच्या अटींत आम्ही असे सुचवले आहे : प्रत्येक लॉटबरोबर तपासणीचा दाखला, माल उतरताना दोघांसमक्ष नमुना काढून त्याचे तीन भाग, एक पुरवठादाराकडे, एक आपल्याकडे, एक सीलबंद, वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी, पहिली मागणी लहान, आणि बिलाचा काही भाग तपासणीचा निकाल येईपर्यंत राखून. पोती दुहेरी अस्तराची हवीत, कारण कायटोसान ओल धरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून ती पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता साखर गोदामालगतच्या पक्क्या खोलीत ठेवावी लागतील. ती खोली सध्या जुन्या बारदानाने भरलेली आहे. रिकामी करून देण्याबद्दल स्टोअर खात्यास कळवले आहे.