कातलेल्या वाडग्यावरील अखेरचा हात

वाडगा कातून चरकावरून उतरला, म्हणजे काम पुरे झाले असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः एक निर्णय अद्याप बाकी असतो. लाकूड झाडापासून वेगळे झाल्यावरही हवेतील ओलावा शोषून घेते व परत सोडते. आडव्या तंतूंच्या लाकडातून कातलेल्या वाडग्यात तंतूंची टोके समोरासमोरच्या दोन बाजूंना उघडी पडतात आणि तेथून पाणी, तेल किंवा हळदीचा डाग झपाट्याने आत शिरतो. म्हणूनच लेप निवडताना चकाकीचा विचार मागाहून करावा. वाडग्यात काय ठेवले जाणार, हा प्रश्न प्रथम विचारावा.

भारतीय कातकामात या प्रश्नाचे जुने उत्तर लाख हे आहे. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा राळेसारखा स्राव होय. बंगळूर-म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टण येथे आणि आंध्र प्रदेशात वराहा नदीकाठी वसलेल्या एटिकोप्पाका येथे कारागीर ती तापवून तिच्यात रंग मळतात व तिच्या कांड्या करतात. फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पृष्ठभागावर पसरते. त्यानंतर केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान दाबून तो थर सारखा केला जातो व त्यास झळाळी आणली जाते. वेगळी भट्टी नाही, कुंचला नाही. चरकाची गतीच सारे काम करते.

परंतु जी उष्णता लाख चढवते, तीच तिला बिघडवतेही. लाख सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. पाणी साचून राहिल्यास तिच्यावर पांढरट डाग उमटतात आणि मद्यार्कात तर ती विरघळते. तेव्हा लाखेचा वाडगा सुपारी, सुका मेवा किंवा फुले यांसाठी उत्तम. कढत आमटीसाठी तो नव्हे.

नित्य वापराच्या, धुतल्या जाणाऱ्या वाडग्यास जवसासारखे सुकणारे तेल अधिक मानवते. खोबरेल हवेत सुकत नाही. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. त्याचा थर लाकडावर जाडसर न बसता तंतूंत मुरतो, त्यामुळे झीज झाल्यास पुन्हा तेल लावून वाडगा नवा करता येतो. बाजारातील ‘उकळलेल्या’ तेलात पुष्कळदा धातूंची शुष्ककारक द्रव्ये मिसळलेली असतात. अन्नाच्या भांड्यास शुद्ध तेलच वापरावे.

लेपाचे यश पूर्वतयारीवर अवलंबून असते. लाकूड नीट वाळलेले असावे. काचकागद भरडापासून बारकापर्यंत क्रमाने वापरावा आणि प्रत्येक टप्प्याअखेर चरक थांबवून तंतूंच्या दिशेने हात फिरवावा; एरवी गोल ओरखडे तेल लावताच उठून दिसतात. शेवटी ओलसर फडक्याने पुसावे, उभे राहिलेले तंतू सुकल्यावर पुन्हा हलकेच घासावेत. मग तेलाचा पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले तेल पूर्णपणे पुसून टाकावे. ते तसेच राहिले तर वाडगा चिकट होतो. एक हात पुरता सुकल्यावरच दुसरा द्यावा. कच्च्या तेलास त्यासाठी कित्येक दिवस लागतात. तेलाने भिजलेली फडकी मात्र कधीही गोळा करून टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, ती ढिगाऱ्यात कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवावीत.

रंगाचाही विचार याच कसोटीवर व्हावा. काही चमकदार पिवळ्या व लाल रासायनिक रंगांत शिसे असते आणि वाडगा किंवा खेळणे मुलाच्या तोंडी जातेच. एटिकोप्पाका येथे हळद, नीळ यांसारखे वनस्पतिजन्य रंग पुन्हा रूढ करण्याचे श्रेय सी. व्ही. राजू यांच्याकडे जाते; 2023 साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

लेप डोळ्यांना दिसतो तेवढाच नसतो. जो वाडगा वापरणाऱ्याच्या ओठांपर्यंत जाणार, त्याच्या अखेरच्या हातात कारागिराची जबाबदारीही मिसळलेली असते.