दुखण्याबरोबर आणखी काय?

लावणीच्या दिवसांत कुडाळ परिसरातल्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात थोडा वेळ उभं राहा. कंबर, गुडघे, मान, पोटऱ्या यांच्या तक्रारी घेऊन एकामागून एक माणसं येताना दिसतील. नर्सिंग शिकणाऱ्या तुम्हा मुलामुलींसाठी आजचा सल्ला आहे. पुस्तकात हाडं-स्नायूंचे आजार एका प्रकरणात असतात, मज्जासंस्थेचे दुसऱ्या आणि वेदना तिसऱ्या. रुग्ण मात्र ही तिन्ही प्रकरणं एकाच अंगात घेऊन येतो आणि म्हणतो, ‘बाय, लय दुखता गे.’

आजाराचं नाव ठरवणं हे तुमचं पहिलं काम नाही. दुखण्याबरोबर आणखी काय होतंय, हे विचारणं आणि तपासणं हे तुमचं पहिलं काम. त्यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवा: ताकद, संवेदना, लघवी आणि वेळ. हातापायाची ताकद कमी झाली आहे का? कुठे बधिर वाटतंय किंवा मुंग्या येताहेत का? लघवी नेहमीसारखी होते का? आणि हे सगळं नक्की कधी सुरू झालं? डॉक्टर येण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं केसपेपरवर असली, तर रुग्णाचा मोलाचा वेळ वाचतो.

दुखणं कुठून येतंय?

स्नायू आणि सांध्यांचं दुखणं हालचालीशी बांधलेलं असतं. वाकलं की ठणकतं, टेकलं की बरं वाटतं. नसेचं दुखणं वेगळं असतं. आग होते, विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते, मुंग्या येतात, कधी नुसत्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. कंबरेतून निघून मांडीमागून पायाच्या बोटांपर्यंत उतरणारी कळ म्हणजे सायटिका. मणक्यांमधली चकती सरकून नसेच्या मुळाला टोचली की ती सुरू होते. रात्री झोपेतून उठवणारी अंगठ्यासह तीन बोटांतली मुंगी मनगटात दबलेल्या नसेची असते.

सांधे दुखत असतील तर सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते विचारा. झिजेच्या संधिवातात तो साधारण अर्ध्या तासात सुटतो. तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यायला हवी. तिथे लवकर सुरू केलेलं औषध सांधे वाकडे होण्यापासून वाचवतं. झिजलेल्या गुडघ्याला नुसती विश्रांती नको, मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम हवा आणि विळीपुढे उकिडवं बसण्याऐवजी ओट्याशी उभं राहून काम करायला हवं. कुडाळच्या बॅरिस्टर नाथ पै शिक्षण संस्थेत नर्सिंगबरोबर फिजिओथेरपीही शिकवली जाते. जिथे अशी सोय असेल, तिथे त्या विद्यार्थ्यांबरोबर बसून हे व्यायाम स्वतः करून शिका. मग रुग्णाला शिकवणं सोपं जातं.

एक प्रश्न कधीच विसरू नका: आधी कुठल्या पुड्या किंवा बिननावाच्या गोळ्या घेत होता का? झटपट आराम देणाऱ्या अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्यानं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतलेली अशी गोळी रुग्णाने अचानक बंद केली तर जीवावरही बेतू शकतं. म्हणून ‘फेकून द्या’ असं परस्पर सांगू नका. गोळी घेऊन डॉक्टरांकडे पाठवा.

कंबर: साधी आणि धोक्याची

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत बरी होते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहणं चांगलं. पण कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर मज्जारज्जूच्या टोकाकडच्या नसांचा गुच्छ दाबला गेलेला असू शकतो. तिथे तातडीने एमआरआय आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. बायका ही गोष्ट लाजेनं सांगत नाहीत. पडदा ओढा आणि हळू आवाजात, पण स्पष्ट विचारा. रात्री वाढणारी कंबरदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटतं वजन असेल, तर मणक्याच्या क्षयाची आठवण ठेवा.

पावसाळ्यातल्या पोटऱ्या

आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात ‘पोटऱ्यो दुखतत’ ही तक्रार कधीही हलकी मानू नका. चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप, हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या आणि चिपडं नसलेले लाल डोळे असतील, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या किंवा जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या चिरांमधून शरीरात शिरतात. साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप येतो. इथेही लघवीचं प्रमाण मोजणं तुमच्या हातात आहे, कारण ती कमी होऊ लागणं म्हणजे मूत्रपिंडं थकत असल्याची सूचना. अशा तापात डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. स्नायूदुखी समजून सुई टोचून घरी पाठवलेला रुग्ण म्हणूनच गंभीर होऊन परत येऊ शकतो.

दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. काजूच्या हंगामात रानात गेलेल्या माणसाला अचानक मोठा ताप, भयंकर डोकेदुखी आणि अंगदुखी होते. काहींमध्ये ताप उतरून पुन्हा येतो आणि तेव्हा मान आखडणं, कंप, भ्रम अशी मेंदूची लक्षणं दिसतात. म्हणून तापाबरोबर अंग दुखतंय असं कुणी म्हटलं, की पुढचा प्रश्न हवा: शेतात होता की रानात, आणि किती दिवसांपूर्वी?

झाडावरून पडलेला माणूस

माडावरून, आंब्यावरून पडणं हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात. पडलेल्याला बखोट्याला धरून बसवू नका. मान स्थिर ठेवा. एकाने डोकं-मान धरायची, त्याच्या इशाऱ्यावर बाकीच्यांनी खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी फिरवायचे आणि रुग्णाला फळीवर घ्यायचं. हलवण्याआधी आणि नंतर दोन्ही हातापायांची बोटं हलवायला सांगा आणि ते लिहून ठेवा.

हातपाय मोडून घट्ट पट्टी किंवा बांबूच्या कामट्या बांधून कुणी आलं, तर एक चाचणी करा. बोटं हळूच ताणा. दुखापतीच्या मानानं फारच जास्त वेदना होत असतील, बोटं ताणल्यावर रुग्ण कळवळत असेल, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतो आहे. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. डॉक्टरांना लगेच बोलवा, घट्ट बांधलेलं सैल करायची तयारी ठेवा आणि हातपाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उशांवर उंच करू नका. काही तासांतच स्नायू कायमचे मरतात.

ताकद गेली की घड्याळ बघा

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय: पक्षाघाताची ही तीन चिन्हं घरोघरी माहीत हवीत. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. कुडाळहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पोचायचं तर सुमारे दोन तास रस्त्यातच जातात. म्हणून नातेवाइकांना पहिला प्रश्न: ‘यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?’ ती वेळ चिठ्ठीवर ठळक लिहा. 108 ला फोन करा, ग्लुकोमीटरने साखर तपासा, कारण साखर घसरल्यानेही असंच चित्र दिसू शकतं. गिळता येतंय की नाही हे तपासेपर्यंत पाणी किंवा गोळी तोंडात घालू नका. रक्तदाब जास्त दिसला तरी स्वतःहून जिभेखाली गोळी ठेवू नका.

पायांत मुंग्या, मग पाय जड, मग हात: खालून वर चढणारा असा अशक्तपणा म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम असू शकतो. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. जुलाबानंतर काही दिवसांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. त्याची सुरुवात कधी कधी निव्वळ पाठदुखीने होते. वॉर्डातली सोपी तपासणी अशी: रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. सकाळी 30 पर्यंत जाणारा माणूस संध्याकाळी 15 वर अडकला, तर श्वासाचे स्नायू हरत आहेत. ऑक्सिजनचा आकडा पडायची वाट पाहू नका.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार चावली असण्याची शक्यता धरा. तिचे दात बारीक, त्यामुळे चाव्याची खूण दिसेलच असं नाही. अशा रुग्णाला हलता-बोलता येत नसलं तरी पुष्कळदा ऐकू येत असतं. त्याच्याशी बोलत राहा, तुम्ही काय करताय ते त्याला सांगत राहा.

झटके येत असतील तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं कठीण सामान हलवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांहून जास्त झटका चालला तर ती आणीबाणी.

न दुखणारा पाय

वेदना नसणं हीसुद्धा तक्रार आहे, फक्त ती रुग्ण सांगत नाही. मधुमेहात पायाच्या नसा मरतात, काटा रुतला तरी कळत नाही. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा आणि कोपरामागे दोरीसारखी जाड लागणारी नस दिसली, तर कुष्ठरोगाची तपासणी करवून घ्या. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. मधुमेही शेतकऱ्याचे तळवे प्रत्येक भेटीत स्वतः पाहा.

मोजा, मग पुन्हा मोजा

शून्य ते दहा ही मोजपट्टी चांगली आहे, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ती अडखळवते. मग ‘कमी, मध्यम, लय’ असं विचारा, किंवा चेहऱ्यांची चित्रं दाखवा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, जेवण टाळणं हेच उत्तर समजा. औषध दिल्यावर पुन्हा मोजायला जा: शिरेतून दिलं असेल तर अर्ध्या तासाने, तोंडाने दिलं असेल तर तासाभराने. दुसरी नोंद नसेल तर पहिलीचा उपयोग अर्धाच.

सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, नंतर समाजसेविका आणि 1957 साली डॉक्टर झाल्या. मरणासन्न माणसाच्या वेदनेत शरीराबरोबर त्याची भीती, पैशांची काळजी आणि एकटेपणाही असतो, हे त्यांनी जगाला शिकवलं. 1967 साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. कर्करोगाच्या रुग्णाला ‘सहन करा’ असं सांगू नका. मॉर्फिन हे योग्य देखरेखीखाली देण्याचं औषध आहे आणि 2014 च्या कायदादुरुस्तीनंतर भारतात ते मिळवण्याची वाट सोपी झाली आहे.

शेवटी तुमच्या स्वतःच्या कंबरेविषयी. रुग्णाला एकटीने उचलू नका. पलंग कंबरेच्या उंचीवर घ्या, गुडघ्यांत वाका, रुग्ण अंगाजवळ धरा, चादरीवरून सरकवा आणि मदतीला हाक मारायला संकोचू नका. पुढची तीस-पस्तीस वर्षं हे काम तुम्हाला करायचं आहे.

उद्या ड्यूटी बदलताना ‘खाट नंबर चार, कंबरदुखी’ एवढंच सांगून थांबू नका. ‘खाट चार, कंबरदुखी, पायांत ताकद आहे, बधिरपणा नाही, सकाळपासून दोनदा लघवी, दुखणं काल संध्याकाळपासून’ असं पूर्ण सांगा. रात्री यातलं एक जरी बदललं, तर पुढच्या पाळीतल्या ताईला ते लगेच कळेल आणि ती डॉक्टरांना वेळेत उठवेल.