शकुंतलेचा सातबारा कोणाच्या नावावर?

प्रश्न : परदेशात बंद पडलेल्या छोट्या रेल्वे हौशी मंडळी स्वतः दुरुस्त करून चालवतात, लोक तिकीट काढून बसायला येतात, असं ऐकलं. मग आपल्या शकुंतला गाडीचं तसं का होत नाही? राबायला माणसं तर आमच्याकडेही आहेत. आणि जुनं वाफेचं इंजिन पुन्हा धावेल का?
— एक वाचक, धामणगाव रेल्वे

उत्तर : माणसं आहेत, हे खरंच. शकुंतला वाचावी म्हणून अचलपूर भागात सत्याग्रह उभा राहिला, तो काही भाड्याच्या गर्दीवर नाही. अडचण माणसांची नाही, सातबाऱ्याची आहे.

तुमच्या गावापासूनच सुरुवात करू. शकुंतला नव्हती तेव्हा यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनात यायचा. पुढे किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर असे अडीच फुटी रूळ टाकले. वर्धा नदीपलीकडची तुमच्या शेजारची पुलगाव–आर्वी लाइनही याच कंपनीची. गाड्या चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि मोबदला मिळायचा कंपनीला, असा करार. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या. ही मात्र राहिली. गाडी सरकारची, माणसं सरकारची आणि रूळ कंपनीचे, असा संसार पुढे कित्येक दशकं चालला. भाडेकरू घर दुरुस्त करत नाही आणि घरमालक भाड्यापलीकडे बघत नाही, तसं रुळांचं झालं.

आता गंमत पाहा. हौशी लोकांनी चालवायला घेतलेली जगातली पहिली रेल्वे म्हणजे वेल्समधल्या दरीतली टॅलिलिन. खाणीतली पाटीची फरशी समुद्रकाठच्या टायविन गावापर्यंत आणायला १८६५-६६ च्या सुमारास ती सुरू झाली. लांबी जेमतेम बारा किलोमीटर. १९४८ साली ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून तीही सुटली, अगदी आपल्या शकुंतलेसारखी! पण तिथं मालक एकच, सर हेन्री हेडन जोन्स. ते १९५० साली वारले, त्यांच्या पत्नीनं कंपनीचे शेअर हौशी मंडळींच्या हवाली केले आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली. रुळांची दशा अशी, की ते गवतानंच जागेवर धरून ठेवलेत असं लोक म्हणत. चालण्याजोगं इंजिन एकच, डोलगॉक. तरीही काम सुरू झालं, कारण 'घ्या, तुमचं' असं म्हणणारं कोणीतरी होतं. आपल्याकडे कंपनी, रेल्वे बोर्ड, राज्य सरकार आणि ब्रॉडगेजची मागणी करणारे आमदार-खासदार यांपैकी नेमकं कोणी तसं म्हणायचं, तिथंच घोडं पेंड खातं.

परवानगी मिळाली तरी काळी माती आहेच. वऱ्हाडातली ही जमीन पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे खडीखालचा भराव वर्षातून दोनदा हलतो. दोन रूळ जिथे जोडपट्टीनं एकमेकांना बांधलेले असतात, तो सांधा आधी खचतो, बोल्ट ढिले होतात, स्लीपर एका अंगाला बसतो. बाभळी तोडून, गाजर गवत उपटून लाइन मोकळी दिसायला लागते, फोटोही छान येतो, पण त्यावरून माणसं न्यायची तर प्रत्येक सांधा उघडून पाहावा लागतो, आणि शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. फाटकांचा प्रश्न वेगळाच. पूर्वी शकुंतला थांबायची, कर्मचारी खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडून पुन्हा चढायचा. आज त्याच रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटारसायकलींची रांग लागते. इतका दम कोण धरणार?

म्हणून सगळ्या १८९ किलोमीटरचा हट्ट स्वयंसेवकांनी धरू नये, असं माझं मत. अचलपूर ते पथ्रोट एवढा तुकडा मागावा. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक परतवाडा-अचलपूरवरूनच जातात, उत्तरेला सातपुडा दिसतो, आणि एवढ्या लांबीची निगा मूठभर माणसांना झेपते. (देखावा म्हणाल तर अकोला–खंडवा मीटरगेजवर धूळघाटाजवळ रूळ वळसा घालून स्वतःवरूनच पलीकडे जात, ती जागा सरस. पण ते मेळघाटचं जंगल. तिथं गाडी नाही हे वाघाच्या पथ्यावर पडलंय, ते तसंच राहू द्यावं.) बंद नॅरोगेज पुन्हा सुरू होणं अगदीच अशक्य नाही, याला शेजारचा दाखला आहे. गुजरातेत गायकवाडांच्या काळातली बिलिमोरा–वघई नॅरोगेज बंद पडल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. मात्र ती रेल्वेनं स्वतः सुरू केली, हौशी मंडळींनी नाही.

आणखी एक. दर्यापूर-अंजनगावकडचा माणूस शकुंतला मागतो तो स्वस्तात मूर्तिजापूर गाठायला, खिडकीतून फोटो काढायला नव्हे. वारसागाडी आणि रोजची गाडी या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एकाच निवेदनात दोन्ही लिहिल्या तर अधिकाऱ्याला दोन्ही टाळणं सोपं जातं.

राहिलं इंजिन. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जायचा, तिथूनच १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं इंजिन इकडे आलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. वाफेच्या इंजिनाला बॉयलरची वेळोवेळी तपासणी लागते, सुटे भाग घडवून घ्यावे लागतात, कोळसा टाकणारा जाणता माणूस लागतो. माथेरानची गाडीही आज डिझेलवरच चढते. तेव्हा सुरुवात डिझेलनं करा. वाफेचं इंजिन जवळून पाहण्याची हौस असेल तर नागपूरला मोतीबागेत २००२ सालापासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, आणि धामणगावहून नागपूरला गाड्यांची वाण नाही.