नाताळाच्या दिवसांतील घरचा आहार : परिसर-अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता तिसरी ते पाचवी)

मार्गशीर्ष-पौषातील थंडीत जळगाव व धुळे जिल्ह्यांतील स्वयंपाकघरे जितकी भरलेली असतात, तितकी ती वर्षातून क्वचितच असतात. बाजरी व खरिपाची ज्वारी घरात आलेली असते. उडीद, मूग पोत्यांत भरून ठेवलेले असतात. भुईमुगाच्या शेंगा वाळलेल्या असतात, तूर शेंगेवर हिरवी असते, हरभऱ्याचे कोवळे शेंडे भाजीस निघतात, बोरे पिकू लागतात, आणि पेरू व आवळा आठवड्याच्या बाजारात स्वस्त होतात. नाताळाची सुटी नेमकी याच दिवसांत येते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांस ती बहुधा एकाच दिवसाची असते. तथापि तिला रविवार किंवा स्थानिक सुटी जोडून येते, शहरात इंग्रजी माध्यमात शिकणारी भावंडे आठवडाभरासाठी गावी येतात, आणि घरोघर खाण्याचे बेत ठरतात. आहाराचा पाठ घेण्यास याहून सोयीचा काळ नाही.

पाठाचे प्रयोजन केवळ सोयीचे नाही. सुटीच्या दिवशी शाळेतील चूल पेटत नाही. सप्टेंबर २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने चालणाऱ्या योजनेत पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. सुटीत ही भर घरून व्हावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६९ बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. ही बालके आता प्राथमिक वर्गांत आली आहेत, येत आहेत. तेव्हा सुटीत मुलाच्या ताटात काय पडते हा प्रश्न शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.

यावर पुष्कळदा दिला जाणारा उपाय म्हणजे 'दूध, फळे, पालेभाज्या खाव्यात' हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांकडून तीनदा म्हणवून घेणे. त्याचा उपयोग थोडा होतो. खानदेशातील घरांनी या ऋतूसाठी जे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवले आहेत त्यांतच मुलाच्या पोषणाचा मोठा भाग भागतो. तो मुलांस ओळखावयास शिकविणे आणि त्याची लाज वाटू न देणे, हे या पाठाचे खरे काम आहे. डब्यातील कळण्याची काळसर भाकरी झाकून खाणारा विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतो.

आरंभ कळण्यापासूनच करावा. ज्वारी किंवा बाजरी आणि सालासह उडीद एकत्र करून, किंचित मीठ घालून दळलेले पीठ म्हणजे कळणा. साधारणपणे तीन किंवा चार भाग धान्यास एक भाग उडीद घेतात. प्रमाण घराघरांत बदलते, आणि ते का बदलते हे मुलांनी आजीस विचारून यावे. पूर्वी हे दळण घरोटावर होई. आता गिरणीवर होते. आहारशास्त्राच्या दृष्टीने हे मिश्रण फार शहाणपणाचे आहे. ज्वारीच्या प्रथिनांत 'लायसीन' नावाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. उलट डाळींत जो 'मेथिओनीन' कमी पडतो, तो धान्य पुरविते. दोन्ही एकाच भाकरीत आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते आणि शरीरास त्या प्रथिनांचा अधिक उपयोग होतो.

पाचवीच्या वर्गास यावर गणित घालता येईल. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात व १०० ग्रॅम सालीच्या उडदात सुमारे २२ ग्रॅम. ७५ ग्रॅम ज्वारी व २५ ग्रॅम उडीद घेतल्यास साडेसात अधिक साडेपाच, म्हणजे १३ ग्रॅम प्रथिने होतात. शाळेच्या आहारात लहान मुलास दिवसाला १२ ग्रॅम मिळावीत असे ठरले आहे. तेवढी कळण्याच्या दीडदोन भाकरींत घरीच मिळू शकतात. हे उत्तर मुलांनी स्वतः काढले तर ते घरी जाऊन सांगतात. शिक्षकाने सांगितले तर वहीतच राहते.

यानंतर भरिताकडे वळावे. चातुर्मासात अनेक घरी वांगे, कांदा, लसूण वर्ज्य असतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला वांग्याचे भरीत व बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवून हा निर्बंध सुटतो. ही तिथी कधी नोव्हेंबरच्या अखेरीस तर कधी डिसेंबरच्या मध्यास येते. २०२३ साली ती १८ डिसेंबरला होती. तेथून पुढे थंडी संपेपर्यंत शेतांवर भरिताच्या पंगती चालू राहतात. यावल तालुक्यातील बामणोदची वांगी त्यासाठी नावाजलेली आहेत, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ च्या सुमारास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हिरवट, मोठी, कमी बियांची वांगी कपाशीच्या वा तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजावयाची, सोलून लाकडी भांड्यात मुसळीने ठेचावयाची, हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, कोथिंबीर व शेंगदाणे यांसह तेलात परतावयाची, आणि केळीच्या पानावर कळण्याची भाकरी किंवा पुरी यांच्याबरोबर वाढावयाची, अशी ही रीत आहे.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट स्पष्ट करावी. वांग्याचा गौरव खानदेशात फार होतो. पण पोषणाच्या हिशेबात एकटे वांगे गरीबच आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. भरिताचे सामर्थ्य त्याच्या सोबत्यांत आहे. शेंगदाण्यात शंभरास सुमारे २५ भाग प्रथिने असतात. कांद्याच्या हिरव्या पातीत व कोथिंबिरीत 'अ' जीवनसत्त्वाचे मूळद्रव्य असते. बाजरीत लोह असते. अर्थात पंगतीत जी तेलाची तर्री वर तरंगते, ती पोषणासाठी नसून डोळ्यांसाठी असते. पुरीपेक्षा भाकरी बरी, आणि तेल निम्मे केले तरी भरिताची चव जात नाही, हे सांगण्यास हरकत नाही. घरातील शेंगदाणे निवडताना बुरशी लागलेले, सुरकुतलेले वा काळे पडलेले दाणे टाकून द्यावयाचे, हेही याच वेळी शिकवावे. त्या बुरशीचे विष यकृतास अपाय करते आणि भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही.

लोहासंबंधी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण रक्तक्षयाचा संबंध त्याच्याशी आहे. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. पांढऱ्या सडलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. परंतु धान्यातील सर्व लोह शरीरास मिळत नाही. जेवणासोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते अधिक मिळते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी मिळते. या ऋतूत पेरू, आवळा, बोर आणि लिंबू हाताशी असतात. १०० ग्रॅम पेरूत 'क' जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर असते. म्हणून भाकरीनंतर पेरूची फोड किंवा भाजीवर लिंबू ही रीत वर्गात पक्की करावी. सकाळी कपभर चहात भाकरी बुडवून खाऊन शाळेत येणारी मुले खानदेशात पुष्कळ आहेत. त्यांना चहा व भाकरी यांच्यात तासाभराचे अंतर ठेवण्यास सांगणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

नाताळ हा ज्यांचा सण आहे त्यांच्या घरचा विचार या पाठात वगळू नये. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. त्याचा अर्थ जन्मदिन. नवापूरच्या परिसरात, जो १ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्यातच मोडत असे, मावची समाजातील ख्रिस्ती कुटुंबे बरीच आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन मिशनांनी पश्चिम खानदेशात काम केले. भुसावळला रेल्वेच्या नोकरीनिमित्त बाहेरून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर मनुकांचा केक आला. मराठी ख्रिस्ती घरांत मात्र नाताळाच्या ताटात करंज्या, शंकरपाळी, चिवडा व लाडू हेच पदार्थ असतात, जे शेजारच्या घरी दिवाळीत होतात. ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून दिली की सणांचे नाते निराळे सांगावे लागत नाही. वर्गात एखादाच ख्रिस्ती विद्यार्थी असेल तर त्यास उभे करून माहिती विचारू नये. तो आपणहून सांगेल तेवढे ऐकावे. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. धनुर्मास सूर्याच्या गतीवर मोजला जातो व १६ डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन संक्रांतीस संपतो. त्यामुळे नाताळ प्रतिवर्षी धनुर्मासातच येतो. त्या महिन्यात काही घरी सूर्योदयाच्या वेळीच बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी व भाज्या असे जेवण होते. थंडीत भूक लवकर लागते. सकाळी पोटभर खावे ही जुनी समजूत या रीतीत दिसते, आणि रिकाम्या पोटी शाळेत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती आजही खरी आहे.

आता पाठ घेण्याच्या रीतीविषयी. 'काल काय खाल्ले?' हा प्रश्न सर्व वर्गासमोर विचारू नये. ज्याच्या घरी काल मिरचीचा ठेचा व भाकरी एवढेच होते, त्याला खोटे बोलावे लागते, आणि आहाराचा पाठ खोटेपणाचा पाठ होतो. त्याऐवजी 'तुमच्या घरी हिवाळ्यात होणारा एक पदार्थ आजीस किंवा आईस विचारून या. तो कोण करते, कशावर भाजतात, त्यात काय काय पडते?' असे विचारावे. उत्तर अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत, ज्या बोलीत येईल त्याच बोलीत फळ्यावर लिहावे व शेजारी प्रमाण मराठीतील शब्द लिहावा. साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील मुले नागलीचे पदार्थ सांगतील. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. कोणत्याही नेहमीच्या धान्यात इतके नसते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. ज्या धान्यामुळे पाड्यावरच्या मुलास आजवर संकोच वाटत आला, त्याचा सन्मान जगाने केला, हे त्या मुलाच्या देखत सांगितले जावे.

दुकानातील रंगीत पुड्यांविषयी उपदेश करण्यापेक्षा हिशेब करवून घ्यावा. मुलांनी रिकाम्या पुड्या आणाव्यात, वजन वाचावे व किलोचा भाव काढावा. पाच रुपयांची पुडी २० ग्रॅमची असेल तर भाव किलोस २५० रुपये होतो. त्याच दिवशी गावात शेंगदाण्याचा, फुटाण्याचा व गुळाचा भाव काय आहे, हे विचारून शेजारी लिहावे. पुडीवर छापलेले मिठाचे व तेलाचे आकडेही मोठ्या मुलांनी वाचावेत. शिक्षकाने यावर भाष्य केले नाही तरी चालेल.

एक अडचण मात्र हिशेबाने सुटणारी नाही. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांतून आणि चाळीसगाव परिसरातील तांड्यांतून याच काळात अनेक कुटुंबे ऊसतोडीस गेलेली असतात. मागे राहिलेली मुले आजीआजोबांजवळ असतात. घरात धान्य असते, पण ते दळून, थापून घालणारे हात म्हातारे झालेले असतात. अशा मुलांची यादी शिक्षकांजवळ असतेच. सुटी लागण्यापूर्वी हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास तिची चौकशी करावी; नसल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत त्यांच्या सुटीतील जेवणाचा विषय नावे न घेता काढावा. शेजारच्या घरी एक भाकरी जास्त पडावी, एवढी व्यवस्था खानदेशातील गावांस अवघड नाही; कोणी तरी ती सुचवावी लागते.

डिसेंबरअखेर बहुतेक शाळा वनभोजन काढतात. ते याच पाठाचे प्रात्यक्षिक करावे. पैसे गोळा करून बाहेरून जेवण मागविण्याऐवजी ज्याच्या घरी जे असेल ते मूठभर आणावे: पीठ, वांगी, शेंगा, पातीचा कांदा, बोरे. ज्याच्याकडे काही नसेल त्याने काड्या गोळा कराव्यात, पाणी भरावे. मात्र ही कामे काही सधन मुलांसही द्यावीत, म्हणजे फरक दिसून येत नाही. भाजण्याचे काम मोठ्यांनी करावे. पिण्याचे पाणी गावातून न्यावे, आणि साबण विसरू नये. तो विसरला जातोच.

पाठाचा दुसरा भाग संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीच्या दिवशी घ्यावा. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी व अनेक भाज्यांची मिसळ घरोघर होते. भाजीत किती निरनिराळ्या वस्तू पडल्या हे मुलांनी मोजून यावे. तीळ मात्र शक्य तर साल न काढलेले आणावेत, कारण तिळातील चुन्याचा बराचसा भाग सालीत असतो. तो सगळा शरीरास घेता येत नाही, तरी पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तिळात तो फारच थोडा उरतो. बाजारातील दुकानदार सडलेले तीळ पुढे करतो व साधे तीळ मागे ठेवतो. मुलांनी दोन्ही चिमूटभर आणून फळ्याखाली मांडावेत, आणि त्यांतील फरक स्वतः पाहून वहीत लिहावा.