आधी कोय, मग दोरा

मे महिन्यात कुत्र्याला उलट्या होतात म्हणून कोणी आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "घरात आंबे आले का?" मग कुणीतरी हळूच सांगतं, आमरस केला त्या दिवशी कचऱ्याची बादली आडवी पडली होती. चोखलेली कोय कुत्रा अख्खी गिळतो. ती पोटात विरघळत नाही. कधी जठरात बरेच दिवस गुमान पडून राहते, आणि पुढे सरकून आतड्यात अडकली की बहुतेक वेळा पोट उघडावंच लागतं. एक्स-रेत कोय नीट दिसेलच असं नाही, त्यामुळे काय गिळलं असावं ते लपवू नका. मी रागावत नाही. फार तर बादलीला झाकण घ्या म्हणतो.

मांजरांचा वैरी दोरा. शिवणाचा, गजऱ्याचा, राखीचा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं आणि नाडी ओढलेल्या पिशवीसारखं आतडं गोळा होतं. तोंडातून किंवा शेपटीखालून टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. ताणलेला दोरा आतडं चिरतो. आहे तसंच उचलून आणा.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय तर सोडाच. मिठाचीच विषबाधा होते. सुई, ब्लेड, रॉकेल, फिनेल वर येताना दुसऱ्यांदा इजा करतात. घड्याळातली चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर तासाभराच्या आत भाजते, तिथे वाट पाहायची सोयच नाही. उलटी करवायची की नाही ते आम्हाला ठरवू द्या. पण पहिल्या तास-दोन तासांत आलात तर तिचा जास्त उपयोग.

उंदराच्या औषधाचं मात्र उलटं. अनेक औषधांनी रक्त गोठेनासं होतं, पण ते कळायला दोन-चार दिवस जातात. कुत्रा खेळतोय म्हणून घरी थांबू नका. आणि मांजराला तापावर पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

निघण्याआधी फोन करा. वेष्टन, खोका, उरलेल्या गोळ्या बरोबर घ्या. मोजा गिळला असेल तर जोडीतला दुसरा आणा, म्हणजे केवढं शोधायचं ते मला कळेल.