तीळ, गुंज आणि आयोटा

मराठींत ‘थोडें’ म्हणावयाचें झालें तर आपण तें किती तऱ्हांनीं म्हणतों हें विद्यार्थ्यांनीं एकदां मोजून पाहावें. तीळभर, राईएवढें, कणभर, चिमूटभर, गुंजभर, तसूभर, सूतभर, लेशमात्र, यत्किंचित्, अणुमात्र. हे सर्व शब्द एकाच अर्थाचे आहेत असें कोणी म्हणेल. पण घरांत आई ‘आमटींत तसूभर मीठ घाल’ असें कधीं म्हणत नाहीं, आणि सुतार ‘ही फळी चिमूटभर तास’ असें म्हणत नाहीं. इंग्रजींतही नेमकी हीच गोष्ट आहे. तिकडेही अत्यल्पवाचक शब्दांचा मोठा परिवार असून त्यांतील प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे शब्द आम्हांस पुष्कळदां भेटतात, परंतु ते बहुधा परक्या घरीं जेवावयास बसलेल्या पाहुण्यासारखे अवघडून बसलेले असतात. कारण ते कोशांतून उचललेले असतात. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला आणि त्यानंतरही चांगले कोश झाले. पण असा कोश शब्दाचा अर्थ देतो, त्याची सोबत क्वचितच देतो. ती सोबत ओळखण्याची एक युक्ति आमच्या मतें मराठींतच आहे.

प्रथम ‘आयोटा’ घेऊं. ग्रीक वर्णमालेंतील हें नववें अक्षर. एक उभी रेघ, सर्व अक्षरांत लहान. ‘जॉट’ हा शब्द म्हणजे त्याचेंच लॅटिन भाषेच्या वाटेनें आलेलें रूप. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत, नियमशास्त्रांतील लहानांत लहान अक्षर किंवा त्याचा बारीकसा फराटाही नाहींसा होणार नाहीं, अशा आशयाचें वचन आहे. विल्यम टिंडल यानें १५२६ सालीं नवा करार इंग्रजींत छापिला, तेव्हां त्यानें तेथें ‘जॉट’ व ‘टिट्ल’ ही जोडी योजिली. १६११ च्या भाषांतरांत ती कायम राहिली आणि पुढें लोकांच्या बोलण्यांत रुळली. टिट्ल म्हणजे अक्षरावरील बारीक खूण. इंग्रजी लहान ‘आय’ या अक्षरावर जें टिंब देतात त्याचेंही नांव हेंच. मराठी भाषांतरकारांनीं मात्र येथें ग्रीक अक्षर आणिलें नाहीं. ‘काना’ व ‘मात्रा’ हे आपलेच शब्द घातले. ही निवड आम्हांस फार मार्मिक वाटते. एका अक्षरानें काय होतें हें मराठी माणसास निराळें सांगावें लागत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यापूर्वीं चिठ्ठींतील ‘धरावें’ या शब्दांतल्या ‘ध’ चा ‘मा’ करण्यांत आला, ही कथा घरोघर सांगतात. इतिहासाच्या दृष्टीनें ती दंतकथाच समजावी. तरी ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार भाषेंत कायमचा बसला आहे.

आतां प्रयोग पाहूं. ‘तिळमात्र शंका नाहीं’ असें आपण म्हणतों. ‘मला तिळमात्र शंका आहे’ असें म्हटलें तर ऐकणारा थबकतो. तिळमात्र हा शब्द नकाराच्या सोबतीनेंच चालतो. आयोटा, जॉट आणि व्हिट हे तिघेही तसेच. ‘नॉट ॲन आयोटा ऑफ ट्रूथ’ हें शुद्ध. परंतु ‘देअर इज ॲन आयोटा ऑफ ट्रूथ’ हें कानाला खटकतें. तेथें ‘ग्रेन’ पाहिजे, कारण ‘ग्रेन ऑफ ट्रूथ’ हा प्रयोग होकारी वाक्यांत शोभतो. पुराव्याविषयीं बोलतांना ‘श्रेड’, म्हणजे चिंधी, आणि तीही बहुधा नकारीच. ‘मॉडिकम’ याचा स्वभाव उलट आहे: ‘निदान एवढें तरी हवें’ असा त्यांत भाव असतो, म्हणून शहाणपण, सभ्यता, शिस्त अशा गुणांशीं तो जुळतो. ‘स्मिजन’ हा अमेरिकेकडील घरगुती शब्द. स्वयंपाकघरांत गोड लागतो, अर्जांत लिहूं नये. ‘पिंच’ म्हणजे आपली चिमूट. एखादी गोष्ट मिठाच्या चिमटीसह घ्यावी असें इंग्रज म्हणतो तेव्हां तिच्यावर पुरता विश्वास टाकूं नये असा अर्थ असतो. आपल्याकडे सांगणारा तिखटमीठ लावतो. त्यांच्याकडे मीठ ऐकणाऱ्याच्या हातीं दिलें आहे!

‘माइट’ या शब्दापाशीं थोडें थांबलें पाहिजे. मूळांत हें फ्लँडर्स प्रांतांतलें अगदीं हलकें नाणें. मंदिराच्या भांडारांत गरीब विधवेनें टाकलेल्या दोन नाण्यांसाठीं इंग्रज भाषांतरकारांनीं हाच शब्द वापरला. जुन्या मराठी भाषांतरांत तेथें ‘टोली’ व ‘दमडी’ हे शब्द आहेत. चांदवडच्या मुलांना नाण्यांची गोष्ट परकी वाटूं नये. मराठेशाहींत येथें टांकसाळ होती आणि ‘चांदवडी रुपया’ हें नांव नाण्यांच्या इतिहासांत ठाऊक आहे. दमडी केव्हांच गेली, रुपयाच्या १९२ पैहि १९५७ सालीं दशमान नाणीं आल्यावर मागें पडल्या, परंतु ‘दमडीचा उपयोग नाहीं’ आणि ‘पै न पै चुकविली’ हें आपण अजून म्हणतोंच. तर ‘माइट’ हा शब्द देणगीविषयीं वापरावयाचा तो फक्त आपल्या स्वतःच्या. ‘मीं माझा माइट दिला’ म्हणणें हा विनय आहे. ज्या सद्गृहस्थानें शाळेस साहाय्य केलें त्याचे आभार मानतांना त्याच्या देणगीस माइट म्हणणें हा अपमान आहे. मराठींत ‘फूल ना फुलाची पाकळी’ देणारा आपल्या दानाला म्हणतो, घेणारा म्हणत नाहीं. हें ध्यानीं असलें म्हणजे चूक होणार नाहीं.

सोनाराचीं मापेंही अशींच भाषेंत शिरलीं आहेत. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. म्हणूनच नाजूक प्रकृतीस आपण तोळामासा म्हणतों. १८३३ सालीं सरकारनें तोळा १८० ग्रेनांचा ठरविला, त्या हिशेबानें गुंज दोन ग्रेनांहून किंचित् कमी भरते. जुन्या इंग्रजी औषधविक्रेत्याच्या तराजूंत २० ग्रेनांचा एक ‘स्क्रूपल’ होई. लॅटिन भाषेंत या शब्दाचा मूळ अर्थ बारीक टोंकदार खडा. जोड्यांत शिरलेला खडा पावलोपावलीं बोचतो, तशी मनास जी टोंचणी लागते तिलाही पुढें स्क्रूपल म्हणूं लागले. ज्यास स्क्रूपल्स नाहींत, त्यास विधिनिषेध नाहीं.

सर्वांत सोपा दिसणारा व सर्वांत अधिक फसविणारा शब्द मात्र ‘लिट्ल’ हाच. समजा, दूर गांवीं इस्पितळांत असलेल्या आजोबांच्या प्रकृतीविषयीं डॉक्टरांचें इंग्रजी पत्र आलें आणि घरांत तें वाचून दाखविण्याचें काम शाळेंत जाणाऱ्या नातवावर पडलें. पत्रांत ‘देअर इज लिट्ल होप’ असें असेल तर आशा जवळजवळ सुटली. ‘देअर इज अ लिट्ल होप’ असें असेल तर थोडी आशा आहे. मध्यें आहे तें एकच अक्षर. नातवानें दोहोंचा अर्थ ‘थोडी आशा आहे’ असाच सांगितला तर घरच्यांनीं रात्रीच निघावें कीं शेतींतलें काम आटोपून निघावें, हें चुकीच्या समजुतीवर ठरेल. मराठींत हें काम आपण ‘च’ आणि ‘तरी’ यांकडून करून घेतों. ‘आशा थोडीच आहे’ आणि ‘थोडी तरी आशा आहे’ यांत जो फरक, तोच तेथें ‘अ’ नें होतो. जें मोजतां येतें त्याविषयीं ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचाही न्याय हाच. मात्र ‘क्वाइट अ फ्यू’ दिसल्यास सावध असावें, कारण त्याचा अर्थ ‘बरेच’ असा होतो, आणि त्याला कोणतेंही कारण देण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं.

पालकांस इंग्रजी येत नसलें तरी या अभ्यासांत त्यांचें साहाय्य होण्यासारखें आहे. मूल ‘आयोटा’ शिकून आलें तर त्याच्याकडून त्याचा मराठी अर्थ सांगवून घ्यावा आणि त्या शब्दाचें वाक्य आपण बोलून दाखवावें. तें नकारी आहे कीं होकारी, स्वतःविषयीं आहे कीं दुसऱ्याविषयीं, हें मुलास ऐकूनच कळेल. सरावासाठीं पुढील वाक्यें इंग्रजींत करून पाहावीं. त्याच्या बोलण्यांत तिळमात्र तथ्य नाहीं. या अफवेंत कणभर सत्य असावें. माझी ही फुलाची पाकळी स्वीकारावी. विहिरींत पाणी थोडेंच उरलें आहे. विहिरींत अजून थोडें पाणी आहे. शेवटच्या दोन वाक्यांत ‘अ’ कोठें घालावयाचा हें लिहिण्यापूर्वीं मराठी वाक्य एकदां मोठ्यानें वाचावें.